मदत हवी आहे: चिनी अधिक महिन्याने सुट्ट्यांचा हिशेब बिघडवला, २०२७ला काय धरू?

नमस्कार मंडळी,

भोसरीत माझं एलईडी दिवे जुळवायचं छोटं वर्कशॉप आहे, त्यातले ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारं सर्किट) चीनमधल्या शेनझेनहून येतात. तिकडचं नवीन वर्ष आलं की कामगार गावी जातात आणि कारखाना तीनेक आठवडे थंड. म्हणून त्याआधी दोन महिन्यांचा माल भरून ठेवतो.

तारखेसाठी एक्सेलमध्ये माझं साधं गणित होतं: चांद्र वर्ष, म्हणजे मागच्या तारखेतून ११ दिवस वजा. २०२४ला १० फेब्रुवारी, २०२५ला २९ जानेवारी, जवळपास जमलं. म्हणून २०२६ला १८ जानेवारी धरली आणि नोव्हेंबरातच माल उचलला. डिसेंबरात पुरवठादार मॅडमना सुट्टी विचारली तर त्यांनी आधी हसणारी स्मायली पाठवली आणि मग तारीख: १७ फेब्रुवारी. तोवर पैसे अडकले होते, व्याज माझ्या डोक्यावर.

नंतर कळलं की त्यांच्या सर्प वर्षात सहावा महिना दोनदा आला, वर्ष ३८४ दिवसांचं झालं. आता भीती अशी की यंदा, २०२६ला, आपल्याकडे १७ मेपासून अधिक ज्येष्ठ आहे. मग त्यांच्याकडेही काही वाढणार का? २०२७ला नवीन वर्ष ६ फेब्रुवारीला धरू की मार्चमध्ये?

पंचांगवेडी:
६ फेब्रुवारीच. यंदा त्यांच्याकडे अधिक महिना नाही.

नियम दोघांचा एकच आहे हो. ज्या चांद्र महिन्यात सूर्य रास बदलत नाही, तो अधिक. (त्यांच्यात अजून एक अट असते, डिसेंबरात दक्षिणायन संपतं तो दिवस अकराव्या महिन्यातच यायला हवा, पण तुमच्या कामाला ती लागत नाही.) फरक राशीच्या सुरुवातीत. ते सायन (ऋतूंवरून मोजलेल्या) राशी धरतात, आपण निरयन (ताऱ्यांवरून मोजलेल्या). म्हणून त्यांचा मकरप्रवेश २१-२२ डिसेंबरला आणि आपली संक्रांत १४ जानेवारीला. या चोवीसेक दिवसांच्या फरकामुळे अधिक महिना वेगळ्या जागी पडतो, कधी कधी वेगळ्या वर्षीही.

मागच्या वर्षीचंच बघा. २५ जुलै ते २२ ऑगस्ट या महिन्यात सायन संक्रमण झालंच नाही, एक २२ जुलैला उरकलेलं, पुढचं २३ ऑगस्टला. म्हणून त्यांचा तो दुसरा सहावा महिना. आपल्याकडे मात्र १७ ऑगस्टला सूर्य सिंहेत गेला, म्हणून तोच महिना साधा श्रावण. आपला वाढीव महिना आत्ता येतोय. तोवर ते आपल्या एक महिना मागे चाललेत. त्यामुळेच गेल्या वर्षी त्यांचा मध्य-शरद उत्सव ६ ऑक्टोबरला, ऐन कोजागिरीला आला. आपण मसाला दूध, ते मूनकेक! एरवी तो भाद्रपदी पौर्णिमेच्या आसपास असतो. यंदा २५ सप्टेंबर, म्हणजे आपली अनंत चतुर्दशी. घडी परत बसली.

जुनाआयातदार:
ताईंनी 'का' सांगितलं, मी 'काय करायचं' ते सांगतो. तुमचं अकरा दिवसांचं सूत्र अधिक महिना असलेल्या वर्षानंतर उलटं चालतं, तारीख १८-१९ दिवस पुढे सरकते. १९ वर्षांत असं ७ वेळा होतं. २०२०, २०२३, २०२५ झाली, पुढचं २०२८, तेव्हा पाचवा महिना दोनदा. छिंगमिंगला (त्यांचा पूर्वजांच्या स्मरणाचा सण) हात लावू नका, तो सौर सण आहे, ४-५ एप्रिललाच येतो.

दुसरं म्हणजे जोडसुट्ट्या. गेल्या वर्षी मध्य-शरद १ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनाला चिकटला, १ ते ८ सगळं बंद. बदल्यात २८ सप्टेंबरचा रविवार आणि ११ ऑक्टोबरचा शनिवार कामाचे. हा बदली दिवसांचा तक्ता सरकार साधारण आदल्या नोव्हेंबरात काढतं, तो आल्याशिवाय डिस्पॅचची तारीख लिहून देऊ नका. खासगी कारखाने नवीन वर्षाला सरकारी सुट्टीच्या आठवडाभर आधीच बंद होतात, तेही जमेस धरा.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. ६ फेब्रुवारी टाकली. एक राहिलंच. २०२८ला पाचवा महिना दोनदा म्हणताय, मग पाचव्या महिन्यातली ती नौका शर्यतीची सुट्टी दोनदा मिळते का? मॅडमना विचारायची आता सोय नाही, परत स्मायली येईल.

पंचांगवेडी:
एकदाच, आणि तीही पहिल्या महिन्यात, २८ मे २०२८ला. इथे आपल्या बरोबर उलट आहे. आपला अधिक आधी येतो आणि सण निज महिन्यात होतात. त्यांचा अधिक मागून येतो, तोवर सण उरकलेले असतात. पण त्यापुढचं सगळं लांबतं: मध्य-शरद ३ ऑक्टोबरला, म्हणजे पुन्हा राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत, आणि २०२९चं नवीन वर्ष १३ फेब्रुवारीला. आपला अधिक तेव्हा २०२९च्या चैत्रात आहे, त्याकडे बघून माल भरू नका.

जुनाआयातदार:
आणि एक्सेलमधलं ते ११ वजा करणारं सूत्र आत्ताच पुसा. तारखा हाताने टाका, वर्षाला तीनच तर आहेत.