१/४८ एफ-४डी फँटम: रंगाचा क्रमांक एकच, छटा तीन, आणि विजयाचे तारे किती लावावेत?

अठ्ठेचाळीसांश (प्रश्न)

नमस्कार. मी एफ-४डी फँटम या अमेरिकन लढाऊ विमानाचे १/४८ प्रमाणातील प्लास्टिकचे मॉडेल जोडून पूर्ण केले आहे आणि आता रंगकामाला हात घालण्यापूर्वी काही शंकांचे निरसन करून घ्यावे म्हणून लिहीत आहे. विमान ६६-७४६३ क्रमांकाचे, व्हिएतनाम युद्धातील, थायलंडमधील उदॉर्न येथील अमेरिकन हवाई दलाच्या ५५५व्या स्क्वाड्रनचे, शेपटीवर ‘ओवाय’ ही अक्षरे असलेले. अमेरिकन वैमानिक स्टीव्ह रिची यांनी आपले पहिले आणि पाचवे शत्रूचे मिग लढाऊ विमान ज्या विमानातून पाडले, तेच हे विमान.

पहिली अडचण रंगांची आहे. वरच्या बाजूसाठी एफ.एस. (फेडरल स्टँडर्ड, अमेरिकन सरकारी रंगक्रमांक) ३०२१९ हा तपकिरी, ३४१०२ व ३४०७९ हे दोन हिरवे आणि पोटाखाली ३६६२२ हा फिकट करडा, एवढे मला ठाऊक आहे. परंतु ३०२१९ हाच क्रमांक छापलेल्या तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाटल्या मी प्लास्टिकच्या तुकड्यावर मारून पाहिल्या, तेव्हा एक रंग गुलाबीकडे, दुसरा पिवळ्याकडे झुकलेला आणि तिसरा सरळ मातकट निघाला. दुसरी अडचण अशी की डिकलच्या (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चिन्हांच्या) पत्रकावर सहा लाल तारे, म्हणजे पाडलेल्या प्रत्येक शत्रुविमानामागे एक, दिले आहेत, आणि मला मात्र विमान १० मे १९७२ रोजी उड्डाणाला निघतानाचे दाखवायचे आहे. तिसरी अडचण जुनीच आहे: मागच्या मॉडेलवर प्रत्येक डिकलखाली चंदेरी झाक राहिली होती. अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे.

मॅट_वॉर्निश

रंगांपुरते मी सांगतो. एफ.एस. क्रमांकातील पहिला अंक चकाकी दाखवतो: १ म्हणजे चकचकीत, २ म्हणजे अर्धचकचकीत, ३ म्हणजे मॅट. दुसरा अंक रंगाचा गट सांगतो, आणि शेवटचे तीन अंक साधारणपणे गडदाकडून फिकटाकडे चढत जातात; म्हणूनच ०७९ हा हिरवा १०२ पेक्षा गडद असतो. क्रमांकावरून रंग तयार होत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. तो मूळ नमुन्याकडे बोट दाखवतो एवढेच, आणि कोणती कंपनी त्या नमुन्याच्या किती जवळ पोहोचली हे बाटलीवरच्या अंकावरून कळत नाही. तेव्हा शक्य असल्यास मूळ रंगपट्टी मिळवून दिवसाच्या उजेडात, रंग पूर्ण वाळल्यावर, शेजारी धरून तुलना करावी. पिवळ्या दिव्याखाली केलेली निवड मला स्वतःला दोनदा पुन्हा करावी लागली आहे.

अनेक जण मॉडेल लहान म्हणून सर्व रंगांत थोडा पांढरा मिसळतात. दुरून पाहिलेली वस्तू फिकी दिसते हे खरे असले तरी सगळ्या रंगांत सरसकट पांढरा घातल्यास तपकिरी रंग खडूसारखा दिसू लागतो आणि दोन हिरव्यांतला फरक हरवतो. त्यापेक्षा मूळ छटा आहे तशी मारून, नंतर प्रत्येक पत्र्याच्या मध्यभागी त्याच रंगाची किंचित उजळ, अतिशय पातळ फवारणी करावी. उन्हापावसात उभ्या राहिलेल्या विमानाचा रंग असाच, एकसारखा न विटता, जागोजागी कमीजास्त विटलेला असतो.

रंगांच्या सीमारेषांबद्दलही एक हिशेब करून पाहावा. खऱ्या विमानावर दोन रंग एकमेकांत मिसळण्याचा पट्टा ५ सेंटिमीटर धरला, तर १/४८ प्रमाणात तो जेमतेम १ मिलिमीटर भरतो. एअरब्रश (रंग फवारणारे पेन) मोकळ्या हाताने चालवून एवढी बारीक कड साधणे कठीण जाते, म्हणून मी कागदाचे साचे कापतो आणि त्यांच्या कडेखाली चिकटमातीची बारीक वळी ठेवून ते पृष्ठभागापासून किंचित उचललेले ठेवतो. फवारा काटकोनात मारावा. तिरका मारल्यास रंग साच्याखाली शिरतो.

एक्झॉस्टच्या मागचा, शेपटीखालचा भाग रंगवलेला नसून उघड्या धातूचा असतो, हे विसरू नये. तो भाग आधी चकचकीत काळ्यावर धातुरंगाने करून घ्यावा आणि झाकून ठेवावा. इनटेकच्या (इंजिनात हवा घेणाऱ्या तोंडाच्या) आतील बाजू पांढरी असते.

जुनी_फिल्म

ताऱ्यांच्या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे: डिकलचे पत्रक हा पुरावा नव्हे. या विमानाच्या नावावर एकूण सहा विजय आहेत हे खरे, पण ते एका दिवसात मिळालेले नाहीत. रिची यांचा पहिला विजय १० मे १९७२ चा आणि पाचवा २८ ऑगस्टचा, आणि विजयाचा तारा रंगवला जातो तो विमान परत आल्यानंतर. त्यामुळे १० मे रोजी सकाळी निघालेल्या विमानावर त्या दिवसाचा तारा असूच शकत नाही. त्यापूर्वी याच विमानातून इतर वैमानिकांनी मिळवलेले विजय तेवढे मोजावे लागतील. सहा तारे लावून ‘मे १९७२’ अशी पाटी ठेवणे म्हणजे पुढे घडायचे ते आधीच लिहून टाकणे होय.

आणखी एक सूचना. हे विमान आज कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील हवाई दल अकादमीत ठेवलेले आहे आणि त्याची रंगीत छायाचित्रे सहज मिळतात, म्हणून बहुतेक जण तीच समोर ठेवतात. प्रदर्शनात ठेवलेले विमान मात्र अनेकदा नव्याने रंगवले जाते, आणि तेव्हा अक्षरांचा आकार, ताऱ्यांची जागा, बारीक सूचनापाट्या यांत बदल होतात. युद्धकाळातील, तारीख नोंदवलेले, धूसर का असेना, कृष्णधवल छायाचित्र चिन्हांच्या जागेसाठी अधिक भरवशाचे असते. रंगीत फिल्म मात्र वर्षांनुवर्षांत स्वतःच लालसर होते, तेव्हा तिच्यावरून छटा ठरवू नये. शिवाय डावी बाजू दिसली म्हणून उजवीही तशीच असेल असे गृहीत धरू नये.

कोमट_पाणी

डिकलखालची चंदेरी झाक म्हणजे फिल्मखाली अडकलेली हवा. मॅट रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो, आणि आपले हे चारही रंग मॅटच आहेत. त्यामुळे डिकल लावण्यापूर्वी चकचकीत वॉर्निशचे दोन पातळ हात देऊन ते निदान एक दिवस वाळू द्यावेत. मग डिकलच्या जागी मायक्रो सेट (डिकल नीट चिकटावे म्हणून लावायचा द्रव) लावावे, डिकल सरकवून जागेवर आणावे, ओल्या कुंचल्याने मधून कडेकडे पाणी काढावे आणि वरून मायक्रो सॉल (डिकल मऊ करणारा द्रव) द्यावे. काही मिनिटांत डिकल सुरकुतते. पाहून जीव घाबरा होतो, पण त्या वेळी त्याला बोटही लावू नये, कारण ते आपोआप खाली बसते. वाळल्यावर एखादा बुडबुडा उरलाच, तर सुईच्या टोकाने टोचून पुन्हा थोडे सॉल द्यावे. सर्व झाल्यावर मॅट वॉर्निश.

पांढऱ्या ‘ओवाय’ अक्षरांबाबत विशेष काळजी घ्यावी. डिकलवरचा पांढरा पातळ असल्यास खालच्या तपकिरी व हिरव्या रंगांची सीमा अक्षरातून दिसू लागते. मी अशा वेळी साचा कापून अक्षरे रंगानेच काढतो.

अठ्ठेचाळीसांश

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मातकट निघालेला ३०२१९ घेण्याचे ठरवले आहे, आणि १० मे पूर्वीचे विजय नोंदींवरून तपासून तेवढेच तारे लावीन. एकच शंका उरली: ‘ओवाय’ साच्याने काढल्यास ते ग्लॉसच्या, म्हणजे चकचकीत वॉर्निशच्या, आधी काढावे की नंतर?

कोमट_पाणी

आधी. म्हणजे रंगाची चढलेली कड ग्लॉसखाली दबते आणि बाकीच्या डिकलांशी ती अक्षरे एकाच पातळीवर दिसतात. साचा मात्र पांढरा रंग पुरता वाळण्याच्या आत काढावा, नाहीतर अक्षरांच्या कडा फाटतात.