पिल्लांची हगवण थांबत नाहीये, पीईडीचा (डुकरांच्या साथीच्या हगवणीचा) स्ट्रेन, म्हणजे व्हायरसचा प्रकार, कोणता ते कसं कळणार आणि लस घेऊ का?

मुरबाडवाला:
नमस्कार मंडळी. मुरबाडजवळ आमचं छोटं वराहपालन आहे, लार्ज व्हाइट यॉर्कशायर. आत्ता व्यायलेल्या माद्यांच्या पिल्लांना पाण्यासारखी पिवळी हगवण लागलीये, काही तर फुटलेलं दूध ओकतायत, आणि तीन-चार दिवसांची पिल्लं बघता बघता सुकून जातायत. मोठी डुकरं थोडं पातळ हगली, खाणं सोडलं आणि मग आपोआप सावरली. अँटिबायोटिक देऊन काही फरक नाही. ओळखीचा एकजण म्हणतो ही पीईडीच, आणि इतकी पिल्लं मरतायत म्हणजे कडक स्ट्रेन आहे. एक एजंट सीव्ही७७७ ची लस आणून देतो म्हणतोय. घेऊ का? आणि तपासणी कुठे होते? अजून माद्या विणार आहेत, झोप उडालीये अक्षरशः.

तळोजाकर:
दादा आधी व्यापाऱ्याचा टेम्पो गेटच्या आत घेणं बंद करा. तोच टेम्पो, तोच वजनकाटा, तीच माणसं भिवंडीपासून पनवेलपर्यंत दहा फार्म फिरतात आणि चाकाला लागलेली घाण तुमच्या डुकरांच्या कप्प्यापर्यंत (पेनपर्यंत) येते. विकायची डुकरं गेटबाहेर आणून द्या. आणि हॉटेलचं उष्टं घालत असाल तर नीट उकळल्याशिवाय अजिबात नको. स्ट्रेनबिट्रेन मला कळत नाही, डॉक्टर सांगतील.

पशुवैद्य_कल्याण:
मुरबाडवाला, घाईत लस घेऊ नका, आधी हे वाचा. थोडं लांबलंय.

पीईडी हा डुकरांच्या एका कोरोनाव्हायरसचा आजार, माणसाला त्याचा धोका नाही. हा आजार १९७१ ला इंग्लंडमध्ये पहिल्यांदा दिसला, व्हायरस बेल्जियममध्ये सापडला आणि १९७८ मध्ये त्याचं वर्णन आलं, तोच तुमच्या एजंटचा सीव्ही७७७. तो जुना गट, जी१. मग २०१० च्या अखेरीस चीनमध्ये ही जुनी लस टोचलेल्या फार्मवरही पिल्लं धडाधड मरायला लागली. तपासलं तर व्हायरसच्या अंगावरच्या काट्याचं, म्हणजे एस प्रोटीनचं जीन बदललेलं निघालं, हा जी२ गट. २०१३ मध्ये हाच गट अमेरिकेत घुसला आणि वर्षभरात सुमारे ७० लाख पिल्लं गेली. त्यानंतर तिथेच एस-इनडेल नावाचा सौम्य प्रकार सापडला, २०१४ मध्ये जर्मनीतही तोच मिळाला. म्हणजे स्ट्रेनचा फरक खरा आहे आणि सीव्ही७७७ ची लस जी२ ला नीट अडवत नाही हेही खरं.

पण मेलेली पिल्लं मोजून स्ट्रेन ओळखता येत नाही, हे मी तळमळीने सांगतोय. व्हायरस लहान आतड्याच्या आतल्या बोटांसारख्या उंचवट्यांवरच्या पेशी मारतो. दूध तुटलेल्या डुकराच्या त्या पेशी दोन-तीन दिवसांत नव्या येतात, नवजात पिल्लाला पाच-सात दिवस लागतात, आणि तेवढ्यात ते अंगातलं पाणी कमी होऊन मरतं. त्यामुळे आईकडे प्रतिकारशक्ती नसेल, पेन गार असेल तर सौम्य स्ट्रेनही कडक वाटतो. उलट माद्यांना आधी लागण होऊन गेली असेल तर कडक स्ट्रेन दबून राहतो.

आणि हा पीईडीच आहे हे तरी कोणी ठरवलं? टीजीई, डेल्टाकोरोना हे डुकरांच्या दुसऱ्या कोरोनाव्हायरसचे आजार हुबेहूब असेच दिसतात. रोटाव्हायरस सहसा आठवड्यानंतर गाठतो. पहिल्या दिवसांत ई. कोलाय हा जिवाणू असतो, एक-दोन आठवड्यांच्या पिल्लांत कॉक्सिडिया हा आतड्यातला परजीवी, आणि कॉक्सिडियावर अँटिबायोटिक चालतच नाही. ताज्या हगवणीला लिटमस कागद लावून बघा, निळा झाला तर ई. कोलायकडे संशय, लाल झाला तर व्हायरसकडे. हा फक्त अंदाज, निदान नाही.

नमुना मात्र नीट घ्या. कालपासून मेलेलं पिल्लू नको, आत्ताच हगवण लागलेलं हवं. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना बोलवा. पीईडीत पोट उघडल्यावर जठरात फुटलेलं दूध दिसतं आणि लहान आतडं पातळ, जवळजवळ पारदर्शक, आत पिवळं पाणी. आतड्याचा तुकडा लगेच फॉर्मॅलिनमध्ये, कारण ते उंचवटे मेल्यावर लवकर विरघळतात, आणि दुसरा तुकडा व हगवण बर्फावर. पुण्याच्या औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, पाठवायचं त्यांनाच विचारून. पीसीआर पीईडी आहे की नाही ते सांगेल, स्ट्रेन कळायला एस जीनचं सिक्वेन्सिंग (जीनची अक्षरं क्रमाने वाचणं) लागतं, ते वेगळं मागावं लागतं.

उरणची_ताई:
डॉक्टर, मरतायत त्या पिल्लांना आत्ता काय द्यायचं तेही सांगा ना.

पशुवैद्य_कल्याण:
ताई बरोबर. ओआरएसचं पाणी थोडं थोडं सारखं, आणि पिल्लांच्या कोपऱ्यात बल्ब लावून ३२ ते ३५ अंश ऊब, पण आईला तेवढी गरमी नको. आईपासून तोडू नका. आजारी गटातलं पिल्लू दुसऱ्या मादीखाली अजिबात लावू नका.

मुरबाडवाला:
खूप आभार. तुम्ही म्हणताय तो नमुना उद्याच करतो. पण एक विचारायचं होतं, मेलेल्या पिल्लांची आतडी वाटून गाभण माद्यांना खाऊ घालायची, मग पुढची पिल्लं वाचतात असं व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय.

पशुवैद्य_कल्याण:
त्यात तथ्य आहे, म्हणूनच ते धोक्याचं आहे. आईच्या आतड्याला व्हायरस भेटला की तिथल्या प्रतिकारक पेशी कासेत जातात आणि दुधातून आयजीए नावाची अँटीबॉडी येते, पिल्लू दर दुधागणिक वाचतं. आधी लागण न झालेल्या मादीला नुसतं इंजेक्शन दिलं तर ही आयजीए फारशी येत नाही, लशीचा खरा प्रश्न तिथे आहे. पण तपासल्याशिवाय आतडी घातली तर पीआरआरएस किंवा आफ्रिकन स्वाइन फीव्हर असे डुकरांचे दुसरे व्हायरस तुम्ही स्वतःच्या हाताने सगळ्या कळपात पेराल. २०२० मध्ये आसाम-अरुणाचलमध्ये हा स्वाइन फीव्हर आला, त्यावर औषध नाही. मोठ्या डुकरांना ताप, कानावर लाल-निळे डाग, अचानक मरण यातलं काहीही दिसलं तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी अधिकाऱ्यांना कळवा.

रिपोर्ट येईपर्यंत विणाऱ्या माद्या वेगळ्या शेडमध्ये हलवा, तिथला माणूस, बूट, खराटा वेगळा. रिकामं पेन आधी खरडून साबणाने धुवा, मग ब्लीच, मग पूर्ण सुकू द्या, घाणीवर ब्लीच ओतून काही होत नाही.

तळोजाकर:
आमच्याकडे वापरात नसलेली शेड आहे, माद्या हलवायला जागा नसेल तर टेम्पो न आणता कसं करायचं ते मेसेज करा, बघू.

मुरबाडवाला:
जागा आहे दादा, मागची गोदामाची खोली रिकामी करतोय. एजंटला लस नको म्हणून सांगितलं. रिपोर्ट आला की इथेच टाकतो, डॉक्टर तुम्ही बघा मग सिक्वेन्सिंग मागायचं का ते.