मदत हवी आहे : मंद उजेडातल्या बैठकीत गायक-वादकांचे फोटो, बजेट बारा हजार

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी मिरजेत राहते. इथे गाण्याला तोटा नाही. मीरासाहेबांच्या उरुसात दर्ग्याच्या आवारात चिंचेच्या झाडाखाली खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबरही त्याच आवारात आहे. शिवाय नवरात्रातलं गाणं, भजनी मंडळं आणि वर्षभर कुणा ना कुणाच्या माडीवर घरगुती बैठक.

नामवंत कलाकार आले की वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार येतात. पण गावातच आयुष्यभर पेटीची साथ केलेले गुरुजी, तबल्याची जोडी खांद्यावर घेऊन एसटीने येणारे साथीदार, मागे तानपुरा धरून तीन-तीन तास बसणाऱ्या विद्यार्थिनी, यांचा वाजवतानाचा धड एक फोटो कुणाकडे नसतो. माणूस गेल्यावर श्रद्धांजलीच्या फलकासाठी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावतात. हे मला फार लागतं. म्हणून या मंडळींचे, ते वाजवत-गात असतानाचे, छापून घरात लावता येतील असे फोटो मला काढायचे आहेत.

माझ्याकडे कॅनन १५००डी आहे, सोबत आलेल्या १८-५५ आणि ५५-२५० या दोन लेन्स. दिवसा छान फोटो येतात. बैठकीत मात्र छताला एखादी ट्यूब, नाहीतर मंडपवाल्याचे निळे-जांभळे एलईडी. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ६४००, एफ (लेन्सचं छिद्र, आकडा लहान तितकं छिद्र मोठं) ५.६ आणि शटर १/३० सेकंद एवढं केलं तरी फोटो जेमतेम उजळतो आणि हात-तोंड सगळं हललेलं येतं. फ्लॅश मारायचा नाही हे पक्कं आहे.

बारा हजारांपर्यंत खर्च करू शकते. त्यात काय घ्यावं? कॅमेराच बदलावा लागेल का? आणि विकत न घेता करण्यासारखं काही असेल तर तेही सांगा.

दिवेलागण

कॅमेरा अजिबात बदलू नका. तुमची अडचण लेन्सची आहे. कॅननची ५० एमएम एफ १.८ एसटीएम घ्या, नवी घेतली तरी तुमच्या बजेटात बसावी. एफ ५.६ वरून एफ १.८ वर आलात की सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या पट्टीवर) जवळजवळ दहापट उजेड पडतो. म्हणजे आज १/३० मिळतोय तिथे त्याच आयएसओला १/२५० च्या पुढे जाल. किंवा आयएसओ ३२०० वर उतरून १/१२५ ठेवा. शांत गाणाऱ्या माणसाला १/१२५ पुरतो.

कुणी ‘स्टॅबिलायझर असलेली झूम घ्या’ म्हणालं तर ऐकू नका. स्टॅबिलायझर आपला हात सावरतो, गवयाचा नाही.

तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, म्हणून त्यावर ही लेन्स ८० एमएमसारखी वागते. तीन मीटरवरून आडव्या फ्रेममध्ये साधारण १.३ मीटर रुंदी मावते, म्हणजे मांडी घालून बसलेला एक कलाकार नीट बसतो. आठेक मीटर मागे गेलात की गायक, तबला, पेटी तिघेही येतात. घरगुती बैठकीला याहून दुसरं काही लागणार नाही. उरुसाच्या सभेत पुढे जागा मिळाली नाही तर कमी पडेल, तेव्हा फोटो कापून घ्या. २४ मेगापिक्सेलचा फोटो दोन्ही बाजूंनी निम्मा कापला तरी सहा मेगापिक्सेल उरतात, त्यातून ६ बाय ९ इंचाची छपाई आरामात होते. ८५ एमएम एफ १.८ सुंदर लेन्स आहे, पण तुमच्या बजेटात येत नाही. मोठ्या सभेपुरती एक दिवस भाड्याने आणा.

आता पथ्यं. तीन मीटरवर एफ १.८ ला स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम पंचवीस सेंटिमीटरचा असतो. दोन मीटरवर अकराच. फोकस चुकून माइकच्या जाळीवर बसला तर डोळे गेलेच म्हणून समजा. त्यामुळे आपोआप फोकस बिंदू निवडणं बंद करा आणि फक्त मधला बिंदू ठेवा. तुमच्या कॅमेऱ्याच्या नऊ बिंदूंत तोच अंधारात सर्वांत भरवशाचा. तो डोळ्याच्या कडेवर किंवा चष्म्याच्या काडीवर धरा, तिथे त्याला पकडायला रेघ मिळते. उजेड थोडा बरा असेल तर एफ २.२ वर या, चित्र लगेच अधिक रेखीव होतं.

आणि मोड एम (सगळे आकडे हाताने ठरवायचा) ठेवा. गायकामागे काळा पडदा असला की कॅमेरा त्या काळ्याला उजळवायला जातो आणि चेहरा पांढराफटक करतो. पार्शल मीटरिंगवर (फक्त मधल्या भागाचा उजेड मोजण्याच्या सोयीवर) चेहरा मोजा, आकडे पक्के करा आणि दिवे बदलेपर्यंत त्यांना हात लावू नका. रॉमध्ये (सेन्सरवरची सगळी माहिती जपणाऱ्या फाइलमध्ये) काढा, हे वेगळं सांगायला नको.

जुनंपुराणं

आणखी स्वस्तात हवं असेल तर जुनी रशियन हेलिओस ५८ एमएम एफ २ बघा. एम४२ चा (जुन्या आट्यांच्या लेन्ससाठीचा) अडॅप्टर लावून कॅननवर चालते.

दिवेलागण

दादा, हेलिओसची चित्रं मलाही आवडतात, पण ती हाताने फोकस करायची लेन्स आहे. १५००डीचा व्ह्यूफाइंडर (डोळा लावायची खिडकी) छोटा आणि काळोखा. डुलणाऱ्या गवयाचा डोळा त्यातून एफ २ ला हाताने पकडणं फार अवघड. ताईंचा हेतू बघता नको.

धातिरकिट

मी तबला वाजवतो, फोटोतलं मला फार कळत नाही. पण फोटोवाल्यांना रोज समोरून बघतो, म्हणून आमच्या बाजूने दोन गोष्टी.

पहिली, कधी काढायचा. बहुतेक जण गवयाने ताणून आ केला की क्लिक करतात. तो क्षण ऐकायला मोठा, बघायला नाही. समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, लक्ष ठेवा. अतिविलंबित (फार संथ) एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, मिनिटभरसुद्धा चालतं, म्हणजे तुम्हाला तयारीला भरपूर वेळ आहे. मुखडा (समेकडे नेणारी बंदिशीची ओळ) सुरू झाला की कॅमेरा डोळ्याला लावा. समेवर गवई हात टाकतो, मान देतो, बहुतेक वेळा तबलेवाल्याकडे बघून हसतो, आणि त्यानंतर क्षणभर सगळेच स्थिर असतात. तुम्हाला कमी वेगाचं शटर वापरायचं असेल तर ते त्या क्षणी चालेल. आलापात हात वर जाऊन जिथे थांबतो तिथेही तसंच. तिहाई (तीनदा वाजवलेला तोच तुकडा) ओळखायला शिका, तिसरा धा कुठे पडणार हे आधीच कळतं. तुम्ही गाणं ऐकणाऱ्या आहात, तेव्हा हे तुम्हाला कुणाही बाहेरच्या छायाचित्रकारापेक्षा सोपं जाईल.

तबल्यावरची बोटं मात्र १/२५० ला देखील हललेलीच येतात. येऊ द्या. चेहरा स्थिर आणि बोटं धूसर, असा माझा एक फोटो आहे आणि तोच मला सर्वांत जास्त आवडतो.

दुसरी, कुठे बसायचं. गवयाच्या उजव्या हाताला तबला, डावीकडे पेटी, मागे तानपुरे, ही आपली नेहमीची मांडणी. श्रोत्यांकडून बघता तबला डावीकडे येतो. गवई समेला त्या बाजूला वळतो, म्हणून डावीकडून तिरकं बसलात तर चेहरा तुमच्याकडे येईल आणि माइकही तोंडावरून बाजूला सरकेल. अगदी समोरून काढलं तर मागच्या तानपुऱ्याची दांडी गवयाच्या डोक्यातून उगवल्यासारखी दिसते. पेटीवाल्या गुरुजींसाठी उलट, उजव्या टोकाला जा. ते मान खाली घालून भाता मारत असतात, म्हणून जमिनीलगत बसून खालून वर काढा, तरच डोळे दिसतील.

आणि एक विनंती. बिनमाइकच्या बैठकीत आलाप चालू असताना डीएसएलआरचा (तुमच्यासारख्या आरशाच्या कॅमेऱ्याचा) खटका फार टोचतो. द्रुत (जलद लय) सुरू होईपर्यंत किंवा दाद मिळेपर्यंत थांबा.

मांडवीकिनारी

गोव्याहून लिहितोय. देवळांतल्या भजनांचे, वास्कोच्या दामोदर सप्ताहाचे फोटो काढतो, त्यामुळे रंगीत एलईडीशी माझी जुनी ओळख. वर लेन्सचं सगळं आलंच आहे. पण लेन्सआधी दिव्याकडे बघा, तिथे एक रुपयाही लागत नाही.

घरगुती बैठक असेल तर यजमानांना अर्धा तास आधी विचारा. चार मीटरवरचा साधा पिवळसर बल्ब दोन मीटरवर आणला की कलाकारावर चौपट उजेड पडतो. लेन्समध्ये एवढ्या फरकाला हजारो रुपये मोजावे लागतात. दिवा कलाकाराच्या डोळ्यांवर नको, बाजूने आणि थोडा वरून. समोरच्या बाजूला पांढरी चादर किंवा थर्माकोलचा पत्रा उभा केला की सावलीतला गालही उजळतो. कलाकाराला आधी दाखवा, त्रास होत असेल तर लगेच काढा.

मंडपवाल्याला एवढंच सांगा की रंग मागच्या पडद्यावर टाक, पुढून पांढरा ठेव. माझा अनुभव असा की नीट विचारलं तर ऐकतात. नाहीच ऐकलं आणि चेहऱ्यावर निळा किंवा लाल आला, तर कॅमेऱ्याचा तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) लावून बघा. एकच रंग उजव्या भिंतीला आपटलेला दिसेल. तो मागे येईपर्यंत एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) कमी करा, नाहीतर गालाचा नुसता रंगीत डाग उरतो आणि तो रॉमध्येही परत येत नाही. असे फोटो मी कृष्णधवल करतो, तेही नाइलाज म्हणून नव्हे. आपल्याकडे संगीतकारांच्या कृष्णधवल छायाचित्रांची मोठी परंपरा आहे. दिल्लीचे अविनाश पसरिचा, पुण्याचे सतीश पाकणीकर यांची कामं जरूर शोधून बघा. हातांकडे आणि चेहऱ्यांकडे कसं बघायचं हे तिथे कळतं.

अजून एक. वाद्यं जुळवताना आणि सत्कार चालू असताना सभागृहाचे मोठे दिवे चालू असतात. तानपुरा कानाशी लावून खुंटी पिळणारी मुलगी तेव्हाच मिळते.

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. ओळखीच्या एका फोटोस्टुडिओतून ५० एमएम दोन दिवसांसाठी भाड्याने आणली आणि शेजारच्या भजनी मंडळाच्या सरावाला बसले. फरक बघून अंगावर काटा आला! पखवाजवाल्या आजोबांचे डोळे, कपाळावरचा बुक्का, सगळं स्वच्छ आलंय. लेन्स घेणार हे नक्की.

दोन शंका उरल्या. १/२५० ला काढलेल्या काही फोटोंत आडवे काळपट पट्टे आलेत, १/६० ला ते नाहीत. सरावाच्या खोलीत नव्या एलईडी ट्यूब आहेत. आणि आयएसओ ३२०० ला सावल्यांत दाणे दिसतात. आयएसओ कमी ठेवून नंतर संगणकावर उजळवलं तर कमी होतील का? सेकंडहँड लेन्स घेतली तर काय तपासू तेही सांगा.

दिवेलागण

पट्टे दिव्यांचे आहेत. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही, वेगवान शटरला कळतं. अशा खोलीत १/१०० किंवा १/५० वर या, म्हणजे प्रत्येक फोटोत पूर्ण चढउतार सामावतो. १/१०० आणि समेचा क्षण, दोन्ही जमवा. पुढेमागे कुणी मिररलेसचा (बिनआरशाच्या कॅमेऱ्याचा) आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर सुचवेल. बैठकीला तो फार चांगला, पण अशा दिव्यांखाली त्यात हे पट्टे अजून जास्त येतात.

दाण्यांचं : आयएसओ कमी ठेवून नंतर उजळवू नका, त्याने दाणे वाढतात. ३२०० लागत असेल तर ३२०० ठेवा आणि चेहरा काढतानाच पुरेसा उजळ येऊ द्या. मग डार्कटेबल हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात कॅमेऱ्यानुसार दाणे कमी करण्याची सोय आहे. फार पुसू नका, आजोबांच्या सुरकुत्या पुसल्या जातील.

सेकंडहँड घ्यायची तर लेन्समधून मोबाइलचा टॉर्च आरपार मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, सोडून द्या. कॅमेऱ्याला लावून जवळ-दूर फोकस करून बघा, मोटर अडखळता कामा नये. एफ १.८ ला जवळच्या अक्षरांचे दोन-चार फोटो काढून मोठे करून बघा. मुंबईला जाणं होणार असेल तर फोर्टात सीएसएमटीजवळची दुकानं पालथी घाला, हातात घेऊन बघायला मिळतं. पण नव्या-जुन्यात दोन-तीन हजारांचाच फरक पडत असेल तर नवी घ्या. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

मांडवीकिनारी

+१. पुढे बसणार असाल तर फोटो काढल्यावर मागचा पडदा आपोआप उजळतो ते बंद करा. अंधारात मागच्या दहा जणांच्या डोळ्यांवर तो येतो. आणि ऑटो मोडवर चुकूनही जाऊ नका, त्यात फ्लॅश आपसूक वर येतो.

धातिरकिट

ताई, फोटो काढण्याआधी आयोजकांना आणि कलाकाराला विचारताच असाल. टाकण्याआधीही विचारा. माझ्या गुरुजींना गातानाचा फोटो समाजमाध्यमांवर टाकलेला चालत नाही, घरी छापून दिलेला चालतो.

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

हो, विचारूनच. मी छापूनच देणार आहे, आधी पखवाजवाल्या आजोबांना. सरावातला एक फोटो नमुना म्हणून छापून घेतला, तो पडद्यावर दिसतो त्यापेक्षा बराच काळा आला. दुकानदार म्हणाला, फाइलच तशी आहे.

दिवेलागण

पडदा आतून उजळतो, कागद उजळत नाही. अंधारात बसून फोटोवर काम केलंत तर अजूनच फसगत होते. दिवसा, पडद्याचा उजेड निम्म्यावर आणून बघा आणि मधल्या छटा वर उचला. काळा काळाच राहू द्या, चेहरा उजळ हवा. एकाच फोटोच्या कमी-जास्त उजळ अशा तीन फाइली करून ४ बाय ६ मध्ये छापून घ्या, खर्च अगदी थोडा. त्यातली जी बरी वाटेल तिच्यावरून आजोबांसाठी मोठा फोटो करा. कागद मॅट घ्या, काचेच्या फ्रेमखाली तो चांगला दिसतो.