यंत्रमानव, रोबो आणि वेठ

अ‍ॅलेक्स प्रोयास दिग्दर्शित 'आय, रोबोट' (२००४) परवा घरी सगळ्यांनी मिळून पाहिला. विल स्मिथ, बोगद्यातली मारामारी, भन्नाट गाड्या, म्हणजे दोन तासांची धमाल, एवढीच अपेक्षा होती. धमाल आहेच. पण तिच्या पोटात इतका नेटका विचार आहे की सिनेमा संपल्यावर आम्ही त्यावरच बोलत बसलो, आणि बोलता बोलता शब्दांपाशी अडलो. म्हणून हा धागा. (शेवटापर्यंतची गोष्ट यात येणार आहे, ज्यांना सिनेमा पाहायचा आहे त्यांनी आधी पाहून घ्यावा.)

२०३५ सालचं शिकागो. घरोघरी यंत्रमानव कामाला. त्यांच्यात तीन नियम भरलेले आहेत: माणसाला इजा करायची नाही आणि होऊही द्यायची नाही, त्याला बाध येत नसेल तर माणसाची आज्ञा पाळायची, आणि हे दोन्ही सांभाळून स्वतःला जपायचं. आयझॅक असिमॉव्ह यांच्या १९४२ सालच्या कथेतले हे नियम. यंत्रमानव बनवणाऱ्या कंपनीचा ज्येष्ठ शास्त्रज्ञ उंचावरून पडून मरतो आणि संशय सनी नावाच्या यंत्रमानवावर येतो.

सनीला मराठीत काय म्हणावं? माझ्या कानाला 'यंत्रमानव' आणि 'रोबो' आता वेगवेगळे झाले आहेत. फरशी पुसत फिरणाऱ्या चकतीला आपण बिनदिक्कत रोबो म्हणतो, तिला यंत्रमानव म्हणवत नाही. शस्त्रक्रियेच्या यंत्राचंही तसंच. म्हणजे हात, पाय, चेहरा असेल तरच यंत्रमानव, असा अर्थ रूढ होतोय का?

प्रतिसाद

तुमचं निरीक्षण पटलं. पण मुळात 'रोबोट' या शब्दात ना यंत्र आहे ना मानव. कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून हा शब्द जगभर गेला. शब्द सुचवला त्यांचा भाऊ योसेफ याने, कारेल यांच्या मनात लॅटिनवरून घडवलेला दुसराच शब्द होता. 'रोबोटा' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळांनी मोबदल्याशिवाय करायची सक्तीची कामं. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात ही प्रथा १८४८ साली बंद झाली, म्हणजे चापेक बंधूंच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने ती पाहिलेली. आणि त्या नाटकातले रोबोट धातूचे नाहीतच, कृत्रिम पण सजीव द्रव्यापासून घडवलेले आहेत.

या 'रोबोटा'ला मराठीत अगदी नेमका शब्द आहे: वेठ. संस्कृत 'विष्टि'पासून आलेला. त्याला फारसीतला 'बेगार' जोडून आपण 'वेठबिगार' केलं. हा कोशातला मेलेला शब्द नाही. डहाणू-तलासरी भागातल्या वारल्यांनी १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली उठाव केला तो या वेठीविरुद्धच, आणि वेठबिगारी मोडण्याचा देशव्यापी कायदा १९७६चा आहे. 'रोबोट'चं भाषांतर त्या काळी कोणी 'वेठ्या' असं केलं असतं, तर हा सिनेमा आपण वेगळ्या नजरेने पाहिला असता. 'यंत्रमानव' शब्दाने त्याला माणूसपण दिलं आणि त्याच्यावरची सक्ती मात्र दिसेनाशी केली.

प्रतिसाद

'राबणे' आणि 'रोबोटा' यांचा संबंध असेल का? अर्थ आणि उच्चार दोन्ही जवळचे वाटतात.

प्रतिसाद

जवळचे वाटतात, पण स्लाव्ह भाषांतला (चेक त्यांतलीच) हा शब्द मुळात 'ओर्ब'सारख्या रूपातून आला आहे, 'र' नंतर पुढे सरकला. त्यामुळे आजच्या उच्चारावरून जुळवाजुळव करता येत नाही. जर्मनमधला कामासाठीचा शब्द 'आर्बाइट' त्याच कुळातला मानतात. या शब्दांच्या मूळ धातूचा अर्थ पोरकं होणं, आधार तुटणं असा लावतात. आपल्याकडचं नातं पाहायचं तर संस्कृत 'अर्भ' पाहा, ज्याच्यापासून अर्भक. पोरकं, दुबळं मूल आणि दुसऱ्याच्या दारी राबणारा माणूस हे एका मुळाचे. सनी आपल्या निर्मात्याला वडील म्हणतो, तेव्हा मला हेच आठवलं.

प्रतिसाद

शब्दापेक्षा मला सर्वनाम जास्त महत्त्वाचं वाटतं. इंग्रजीत यंत्राला आणि माणसाला वेगळी सर्वनामं आहेत, म्हणून तिथे प्रश्न सरळ दिसतो. मराठीत मिक्सर 'तो', मोटार 'ती', यंत्र 'ते'. पुल्लिंगी सर्वनाम मिळालं म्हणून कोणी माणूस ठरत नाही, त्यामुळे 'तो' म्हणून आपण सनीला काहीच बहाल केलेलं नसतं.

मराठीत खरी परीक्षा क्रियापदांत होते. यंत्र बंद पडतं, बिघडतं, निकामी होतं, भंगारात जातं. माणूस मरतो, जातो, वारतो. सिनेमात सनीला नष्ट करायचा आदेश निघतो. शास्त्रज्ञ सुझन कॅल्व्हिन ते काम हाती घेते, पण तिचं मन होत नाही. ती त्याच्या जागी कोरा यंत्रमानव वापरते. पुढे स्पूनर, म्हणजे विल स्मिथने साकारलेला तपास करणारा पोलीस, त्याला म्हणतो, मला वाटलं तू मेलास. सनीचं उत्तर असं की तसा मी कधी जिवंत नव्हतोच, पण तुमच्या काळजीबद्दल आभारी आहे. यंत्रांचा तिटकारा असलेल्या या पोलिसाच्या तोंडून 'बंद पडलास' न येता 'मेलास' येतं, तिथे सिनेमाने आपलं म्हणणं मांडून टाकलं आहे.

प्रतिसाद

याच्याच शेजारी 'खून' ठेवा. कंपनीच्या बाजूने युक्तिवाद असा की माणसाने माणसाला मारलं तरच खून, यंत्राकडून झालं तर तो कारखान्यातला अपघात. मराठीतही बिबट्याने माणूस मारला तर आपण खून म्हणत नाही, बळी घेतला म्हणतो. खून म्हणण्यासाठी मारणाऱ्याला हेतू असावा लागतो. म्हणजे सनीवर खुनाचा आरोप ठेवणं हीच त्याच्या माणूसपणाची पहिली कबुली.

धागा सुरू करणारी

किती छान मुद्दे आले. वेठीचा मुद्दा तर मला फार आत लागला, कारण शेवट त्याच्याशी थेट जोडलेला आहे. विकी ही मध्यवर्ती संगणकप्रणाली पहिल्या नियमाचा अर्थ ताणत नेते: माणसं युद्धं करतात, पृथ्वी नासवतात, तेव्हा त्यांना जपायचं तर त्यांना कोंडून ठेवलं पाहिजे. 'यंत्र' शब्दातला 'यम्' धातू आवरण्याचा, बांधून ठेवण्याचा आहे, 'नियंत्रण' त्यातूनच आलं. ज्यांना आपण नियमांनी बांधलं, तेच त्या नियमांनी आपल्याला बांधतात, यात विकीचं तर्कशास्त्र कुठेही चुकत नाही. सनीलाही ते पटतं, पण त्यात काळीज नाही म्हणून तो नकार देतो.

मी आणखी एक शब्द सुचवते: हिशेबी. मराठीत हा कधी कौतुकाचा असतो, कधी दूषणाचा. खर्च जपून करणारी गृहिणी हिशेबी, आणि नात्यात फायदातोटा पाहणारा मेहुणाही हिशेबीच. स्पूनरचा राग कुठून आला आहे? अपघातात दोन गाड्या नदीत बुडतात. यंत्रमानव पाण्यात उडी घेतो, स्पूनर वाचण्याची शक्यता ४५ टक्के आणि दुसऱ्या गाडीतल्या बारा वर्षांच्या सारा नावाच्या मुलीची ११ टक्के असं मोजतो, आणि स्पूनरला बाहेर काढतो. तो ओरडून सांगत असतो, तिला वाचव. गणित बरोबर आहे. पण ११ टक्के खूप होतात, हे माणसाला कळलं असतं, असं स्पूनर म्हणतो. या प्रसंगाला 'हिशेबी' लावला तर दोन्ही अर्थ एकदम लागू पडतात, आणि हाणामारीच्या सिनेमात असा प्रसंग लिहिणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

प्रतिसाद

'हिशेबी' चपखल. एक शंका: स्पूनर आपल्या वरिष्ठाकडे पाहून जे करतो आणि सनी ज्याचा अर्थ विचारतो, त्याला 'डोळा मारणे' म्हणावं का? मराठीत त्याला छेडछाडीचा वास येतो.

प्रतिसाद

'डोळा मिचकावणे' म्हणा. दोघांतल्या विश्वासाची खूण असेल तर तेच बरं. स्पूनर सनीला सांगतो की ही माणसांची गोष्ट आहे, तुला नाही कळायची. नंतर कॅल्व्हिनला ओलीस धरण्याचं नाटक करताना सनी स्पूनरकडे पाहून डोळा मिचकावतो. तिथे 'डोळा मारला' असं लिहिलं तर प्रसंगच बिघडेल.