दातांचा विमा बंद करून डिस्काउंट कार्ड घेतलं. तुमचं मत काय?

एडिसनकर

गेल्या ऑगस्टमध्ये रात्री दोन वाजता माझी डावीकडची खालची दाढ ठणकायला लागली. जूनमध्ये मी कंपनीतली नोकरी सोडून कॉन्ट्रॅक्टवर काम सुरू केलं होतं, त्यामुळे कंपनीचा दातांचा विमाही तेव्हाच संपला होता. सकाळी डेंटिस्टने एक्स-रे दाखवला. कीड पार नसेला भिडलेली. रूट कॅनॉल, त्यावर कोअर बिल्डअप (म्हणजे कॅप बसावी म्हणून दाताची भर), त्यावर कॅप. त्यांच्या नेहमीच्या दराने ३,१५० डॉलर.

तिथूनच फोनवर स्वतंत्र विमा शोधला. महिना ४६ डॉलर हप्ता, ५० डॉलर डिडक्टिबल (म्हणजे आधी आपण भरायचे), कंपनी वर्षाला जास्तीत जास्त १,५०० देणार. पण कॅपसाठी बारा महिने थांबायचं! दाढ बारा दिवसही थांबणार नव्हती.

मग डिस्काउंट प्लॅन सापडला. पूर्ण कुटुंबाची वर्षाची वर्गणी १४९ डॉलर. तिसऱ्या दिवशी कार्ड चालू झालं आणि त्याच डेंटिस्टकडे तेच काम १,८२५ मध्ये झालं. वर्गणी धरून १,९७४.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा विमा नाही. कार्डवाली कंपनी डेंटिस्टला एक सेंटही देत नाही. तिने डेंटिस्टांशी आधीच दर ठरवलेले असतात, त्याला फी शेड्यूल म्हणतात. आपण वर्गणी भरून त्या दरांचे हक्कदार होतो आणि खुर्चीतून उठल्यावर पूर्ण बिल आपणच भरतो. डेंटिस्टला त्यातून नवे पेशंट मिळतात आणि पैसे जागेवर मिळतात. क्लेम नाही, डिडक्टिबल नाही, वार्षिक मर्यादा नाही, जुनं दुखणं असलं तरी अडवणूक नाही.

माझं मत ठाम आहे. ज्यांचा हप्ता कंपनी भरत नाही, त्यांनी दातांचा विमा घेऊच नये. आरोग्य विम्यात वर्षाची कमाल मर्यादा आपल्या खर्चाला असते. दातांच्या विम्यात ती कंपनीच्या खर्चाला असते. हजार-दोन हजारांची ही मर्यादा १९७० च्या दशकापासून जेमतेम हलली आहे आणि कॅपचे दर मात्र कुठल्या कुठे गेले. मोठं संकट आलं की जो हात काढून घेतो त्याला विमा का म्हणायचं?

सह्यकडा

एडिसनकर, दाढ वाचली हे छान झालं. पण तुमच्या मताशी अजिबात सहमत नाही.

पहिला आक्षेप ३,१५० या आकड्यालाच. तो दर भरतं कोण? पीपीओ विमा (म्हणजे ज्यात कंपनीने दर ठरवलेल्या डेंटिस्टांचं नेटवर्क असतं) असलेल्याला नेटवर्कमधला डेंटिस्ट ठरलेल्या दरानेच बिल लावतो. आमच्याकडे याच तीन कामांचे मागच्या वर्षी १,९३० झाले. म्हणजे तुमची सूट मोजली गेली ती भिंतीवरच्या दरपत्रकापासून. दिवाळीच्या सेलमध्ये साडीवर आधी चढी किंमत लावून मग ती खोडतात, तसं हे आहे. तुमचं कार्ड आणि माझा विमा यांच्या दरांत फरक किती, तर शंभरएक डॉलर. आणि माझ्या १,९३० मधले ९४० कंपनीने भरले, मी ९९०.

आता पूर्ण हिशोब करू. समजा तुम्ही वर्षभर आधी विमा घेतला असता. दोन वर्षांचे हप्ते १,१०४, वर ९९०, एकूण २,०९४. त्यात वर्षाला दोन क्लीनिंग, तपासणी, एक्स-रे फुकट. कार्डाने दोन वर्षांत १,८२५ अधिक २९८ वर्गणी, अधिक चार क्लीनिंगचे ६५ प्रमाणे २६०. झाले २,३८३. तुम्ही २८९ डॉलर जास्त भरले असते.

दुसरं, आणि मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं. विमा कंपनीला कायद्याने जाब विचारता येतो. मॅसॅच्युसेट्समध्ये नोव्हेंबर २०२२ ला मतदारांनी कौल दिला की दातांच्या विम्याच्या हप्त्यांतले किमान ८३ टक्के उपचारांवरच खर्च झाले पाहिजेत. तुमच्या १४९ मधले किती कुणाच्या दातांवर खर्च झाले? शून्य. ती निव्वळ प्रवेश फी आहे.

एडिसनकर

हिशोब मान्य. एकट्या माणसाचा, आधीपासून विमा घेतलेला, आणि दोन वर्षांत एकच मोठं काम निघालेलं असेल तर विमा जिंकतो.

पण आम्ही तिघं आहोत. तिघांच्या विम्याचा दर मला १२८ डॉलर महिना सांगितला, म्हणजे वर्षाला १,५३६. कार्ड १४९ मध्ये तिघांना. सहा क्लीनिंगचे ३९०, तपासण्या आणि एक्स-रे धरून अडीचशे. एकूण ७८९. उरलेले साधारण साडेसातशे मी एचएसएत (आरोग्यखर्चासाठीच्या करमुक्त बचत खात्यात) टाकतो, तिथून दातांचा खर्च करमुक्त होतो. ज्या वर्षी काहीच निघालं नाही त्या वर्षीचे पैसे माझ्याच खात्यात राहतात.

आणि एकाच वर्षात दोन कॅप आणि एक रूट कॅनॉल निघालं तर? १,५०० संपले की पुढचं सगळं खिशातून. कार्डाची सूट तिसऱ्या कॅपलाही तीच.

सह्यकडा

मर्यादा संपली तरी नेटवर्कचा ठरलेला दर बहुतेक ठिकाणी लागू राहतो, हे लोक विसरतात. (राज्याराज्यांत फरक आहे, पॉलिसी वाचा.) म्हणजे मर्यादेनंतर मी तुमच्याच पातळीला येतो, तुमच्या खाली जात नाही.

तुमच्या मुलाचं वय १९ च्या आत असेल तर त्याला या हिशोबातून बाहेर काढा. एसीए (ओबामाकेअर) कायद्याखाली मुलांची दातांची सेवा आवश्यक लाभांत मोडते आणि तिथे वार्षिक मर्यादा लावता येत नाही. त्याच्या ब्रेसेसच्या वेळी कार्डावर विसंबू नका, एवढी कळकळीची विनंती.

फ्रंटडेस्क_ऑस्टिन

दोघंही हुशारीने मांडताय, पण दोघांनीही काउंटरच्या पलीकडून पाहिलंय. मी अकरा वर्षं अलीकडून पाहतेय. एका दातांच्या दवाखान्यात बिलिंग आणि फ्रंट डेस्क सांभाळते.

मागच्या महिन्यात एक वयस्कर गृहस्थ आले. पाकिटातून कार्ड काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, "इन्शुरन्स आहे, सगळं कव्हर्ड आहे." फोनवर त्यांना तसंच सांगून विकलं होतं. कार्डाच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं, हा विमा नाही. त्यांच्या बायकोची कवळी करायची होती. मी दर सांगितला तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. अशा फसवणुकीबद्दल फेडरल ट्रेड कमिशन वर्षानुवर्षं सावध करतंय, तरी हे थांबत नाही. बऱ्याच राज्यांत पहिल्या ३० दिवसांत रद्द केलं तर वर्गणी परत मिळते. त्यांचे चाळीस दिवस झाले होते.

म्हणून कार्ड घेण्याआधी काय बघायचं ते सांगते. जाहिरातीतल्या "१० ते ६० टक्के" याला काही अर्थ नाही. कशाच्या टक्के? प्रत्येक कामाला अमेरिकन डेंटल असोसिएशनचा कोड असतो. दाढेचं रूट कॅनॉल डी३३३०, कोअर बिल्डअप डी२९५०, सिरॅमिक कॅप डी२७४०, मोठ्या माणसाचं क्लीनिंग डी१११०. डेंटिस्टकडून ट्रीटमेंट प्लॅन कोडसकट छापून घ्या आणि मग कार्ड कंपनीला आपल्या पिनकोडसाठी त्याच कोडांचे दर विचारा. हे दर भागाप्रमाणे बदलतात. डॅलसचा दर ऑस्टिनला लागेलच असं नाही.

फी शेड्यूलमध्ये नसलेल्या कोडला कधी सूट असते, कधी पूर्ण दर. कित्येक कार्डांत स्पेशालिस्टला शेड्यूल लागतच नाही. रूट कॅनॉल एंडोडॉन्टिस्टकडे (त्याच कामाच्या स्पेशालिस्टकडे) पाठवलं की "नेहमीच्या दरावर १५-२० टक्के" एवढंच. एडिसनकरांचं काम एकाच डेंटिस्टने केलं म्हणून १,८२५ आलं.

शिवाय वेबसाइटवरच्या यादीवर विश्वास ठेवू नका. आमचं नाव एका यादीत आम्ही नेटवर्क सोडल्यावरही कितीतरी दिवस होतं. पेशंट दारात येऊन भांडायचे आणि बिचाऱ्यांची चूक काहीच नसायची. थेट दवाखान्यात फोन करा, कार्डाचं आणि नेटवर्कचं दोन्ही नावं सांगा. एकाच कार्डामागे वेगवेगळी नेटवर्क असतात.

मृण्मयी_ओहायो

तिसरा रस्ता कुणीच बोललं नाही. आमच्या डेंटिस्टची स्वतःचीच सभासद योजना आहे. वर्षाला ३२० डॉलर, त्यात दोन क्लीनिंग, तपासण्या, एक्स-रे आणि बाकी कामांवर १५ टक्के सूट. मधे कुणी नाही. दर विचारायला कुणापुढे दाताच्या कण्या कराव्या लागत नाहीत, भिंतीवरच लावलेत.

सह्यकडा

हे मला कार्डापेक्षा पटतं. फक्त त्या एकाच दवाखान्याला बांधले जाता. डॉक्टर निवृत्त झाले किंवा दवाखाना विकला तर योजनेचं काय होईल हे लेखी विचारून ठेवा.

डॉ_कोथरूड

पुण्यात २२ वर्षं प्रॅक्टिस करतोय. डिसेंबर-जानेवारीत अमेरिकेतले पेशंट बॅगा घेऊनच येतात, "डॉक्टर, तीन आठवडे आहेत, सगळं करून टाका." कॅप, फिलिंग जमतं. पण इम्प्लांट (कृत्रिम दाताचं मूळ) हाडात रुजायला काही महिने लागतात, त्याला सुट्टी पुरत नाही. आणि तिकडे परत गेल्यावर कॅप सैल झाली तर तिकडचा डॉक्टर दुसऱ्याच्या कामाला हात लावायला नाखूश असतो. तिकिटाचे पैसे असेही खर्च होणार असतील तरच हा विचार करा. क्लीनिंग टाळून ते भारतभेटीपर्यंत ढकलणं मात्र थांबवा, कृपया. हिरड्या वाट पाहत नाहीत.

अनुजा_जर्सीसिटी

माझा प्रश्न आईसाठी आहे. ती ६८ वर्षांची, साताऱ्याहून दीड वर्षापूर्वी ग्रीन कार्डवर आली. मेडिकेअर (६५ वर्षांवरच्यांचा सरकारी आरोग्य विमा) विकत घ्यायलासुद्धा इथे सलग पाच वर्षं राहावं लागतं. आणि मूळ मेडिकेअरमध्ये १९६५ पासून दातांची नेहमीची कामं वगळलेलीच आहेत, म्हणजे पाच वर्षं थांबूनही उपयोग नाही. तिचे उजवीकडचे दोन दात काढायचेत, एका जागी इम्प्लांट सुचवलंय. ती एका बाजूने चावते, भाकरी दुधात कुस्करून खाते आणि मला म्हणते, "राहू दे गं, चालतंय." मला ते बघवत नाही. कार्ड घेऊ का?

एडिसनकर

अनुजा, नक्की घ्या. जुन्या दुखण्याला विमा थांबवेल, कार्ड थांबवणार नाही.

सह्यकडा

घाई नको. विम्यात बऱ्याचदा अट असते की पॉलिसीआधी काढलेल्या दाताच्या जागी काही बसवायचं तर पैसे मिळणार नाहीत. त्यामुळे विमा घेणार असाल तर दात काढण्याआधी ती अट बघा. कार्डाबद्दल आधी फ्रंटडेस्कच्या ताईंनी सांगितलं ते करा, कोड मागवा.

फ्रंटडेस्क_ऑस्टिन

अनुजा, चार कोड विचार. सर्जिकल पद्धतीने दात काढणं डी७२१०, साध्या पद्धतीने डी७१४०, काढलेल्या जागी बोन ग्राफ्ट (हाडाची भर) डी७९५३, इम्प्लांट डी६०१०. काम ओरल सर्जन करणार की साधा डेंटिस्ट, हेही विचार. आईला म्हणावं "चालतंय" म्हणू नका. एकाच बाजूने चावून चावून त्या बाजूच्या चांगल्या दाढाही झिजतात.

अनुजा_जर्सीसिटी

ताई, तीन दिवस फोन केले, आज सगळं हातात आलं. डी७२१० ला चांगली सूट आहे, दोन दातांचे मिळून २१० डॉलर वाचतात. डी७९५३ यादीतच नाही, पूर्ण दर. इम्प्लांट ओरल सर्जनच करणार आणि तिथे नेहमीच्या दरावर फक्त १५ टक्के.

मग न्यूअर्कच्या रटगर्स डेंटल स्कूलच्या क्लिनिकला फोन केला. तिथे विद्यार्थी काम करतात आणि प्राध्यापक प्रत्येक पायरी तपासतात. वेळ खूप लागतो, एका कामाला दोन-तीन खेपा, पण मला सांगितलेला अंदाज कार्डाच्या दरापेक्षाही बराच खाली आहे. आईला वेळच वेळ आहे आणि न्यूअर्कपर्यंत पाथ ट्रेन जाते. मंगळवारची पहिली तपासणी घेतली आहे.

एडिसनकर

इम्प्लांटसाठी कार्ड कमी पडतं हे मला माहीत नव्हतं. "नक्की घ्या" असं घाईने म्हणायला नको होतं, अनुजा. माझ्या तिघांसाठी मात्र मी पुढच्या वर्षी कार्डच चालू ठेवणार.

सह्यकडा

आणि मी विमा. एडिसनकर, पुढच्या डिसेंबरमध्ये दोघांची बिलं इथेच समोरासमोर ठेवू, कोडसकट.

अनुजा_जर्सीसिटी

आई मंगळवारी काय काय विचारायचं ते वहीत मोडीत लिहून ठेवतेय, माझ्या आजोबांनी शिकवलेली. पहिला प्रश्न तिने मला वाचून दाखवला: "काढलेला दात मला घरी नेता येईल का?"