वंश विचारून हृदयविकाराचा धोका ठरवणे योग्य आहे का?

प्रश्न (देवगड):
माझा थोरला भाऊ वीस वर्षे इंग्लंडमध्ये, लेस्टर येथे राहतो. तेथील डॉक्टरांनी वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांच्याबरोबर त्याचा वंशही विचारला. ‘भारतीय’ अशी नोंद होताच पुढील १० वर्षांतील धोक्याचा आकडा १० टक्क्यांच्या वर गेला, म्हणून त्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी सुचवली. भाऊ सडपातळ आहे, सिगारेट ओढत नाही. त्याला हे अपमानास्पद वाटले. याला भेदभाव म्हणावे की वैद्यकशास्त्र?

उत्तर (चिपळूण, निवृत्त फिजिशियन):
हे शास्त्रच आहे. ५२ देशांतील इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातील रुग्णांना पहिला झटका साधारण ५३व्या वर्षी आलेला दिसला, तर इतर देशांत तो ५९च्या सुमारास आला होता. कारणे मात्र सगळीकडे तीच आहेत: तंबाखू (आपल्याकडची मशेरी कोणी त्यात धरत नाही, ती धरावी), मधुमेह, रक्तदाब, पोटाचा घेर, फक्त आपल्याला ती लवकर गाठतात. सडपातळपणावर विसंबू नये. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढे पुढे, असा बांधा आपल्यात घरोघरी दिसतो. पुरुषांचा घेर ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा.

उत्तर (रत्नागिरी, अमेरिकेतून परतलेली परिचारिका):
डॉक्टरसाहेब, धोका मोजताना वंश विचारणे मला मान्य आहे. उपचार ठरवताना तो मनात डोकावतो, तिथे माझी हरकत आहे. १९९९ साली अमेरिकेत ७२० डॉक्टरांना नटांच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या. छातीत दुखण्याची तक्रार तीच आणि शब्दही तेच असताना कृष्णवर्णीय स्त्रियांना अँजिओग्राफीची शिफारस कमी झाली. भावाने हे विचारावे, की गोळी देणारे डॉक्टर छातीत दुखल्यावर तितक्याच तत्परतेने तपासतील का.

उत्तर (सावंतवाडी):
वंशाचे सोडा, आपल्याकडे स्त्री म्हटली की दुखणे पित्तावरच जाते. माझ्या काकूंना पहाटे दरदरून घाम फुटला, जबडा दुखू लागला. घरच्यांनी सोलकढी पाजली आणि जवळच्या दवाखान्यात पित्ताची गोळी मिळाली. ईसीजी निघाला तो दुपारी. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या तासा-दोन तासांत सर्वाधिक उपयोगी पडते, आणि आमचे ते तास असे गेले.

प्रश्नकर्ता (देवगड):
सर्वांचे आभार. भावाला हा धागा पाठवला आहे. आज शिंप्याच्या टेपने माझेच पोट मोजले. ते ९४ भरले. वहिनीचे तेथे कोणी मोजले आहे का, हे आता विचारतो.