सड्यावरची बंद चिरेखाण आणि शेजारची गुहा लोकांना दाखवायची तर?

सडेकर (प्रश्न)

राजापूर तालुक्यात सड्यावर, म्हणजे जांभा दगडाच्या सपाट माळावर, एक बंद पडलेली चिरेखाण (जांभ्याचे चिरे कापायची खाण) आहे. साधारण ४० बाय ३० मीटर, खोली ६ ते ७ मीटर. तिच्यापासून शंभरेक पावलांवर जांभ्यातच नैसर्गिक गुहा: २० मीटर आत जाता येतं, रुंदी ३ मीटर, उंची २ मीटरच्या आसपास. आत पाकोळ्या (लहान वटवाघळं) भरपूर. गावात सध्या तीन गोष्टींवर बोलणं चालू आहे: खाणीत बोटिंग, गुहेत रंगीत दिवे आणि सड्यावर गाड्यांचा तळ. पैसे फार नाहीत. आधी काय करावं आणि कशाला हातच लावू नये?

कातळवाट

आधी खाणीच्या भिंतीसमोर उभं राहून ती वरून खाली वाचा. वर काळपट कडक कवच, त्याखाली चिऱ्याचा सच्छिद्र जांभा, त्याखाली ठिपक्याठिपक्यांचा मऊ पट्टा आणि तळाशी पांढरट-पिवळी चिकणमाती. बेसॉल्ट (काळा कातळ) कुजून जांभा कसा झाला ते या एका भिंतीत दिसतं. जांभ्याला ‘लॅटराइट’ हे नाव फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ साली दिलं, तेही केरळातल्या अंगाडिपुरमला लोक हा दगड विटांसारखा कापून घरं बांधतात हे पाहून. त्या जागेला आज राष्ट्रीय भूशास्त्रीय स्मारकाचा दर्जा आहे. तेव्हा चिरेखाण हे काही लपवायचं खिंडार नाही.

अडचण अशी की जे दाखवायचं तेच पडतं. वर कडक, खाली मऊ. पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपतं, चिकणमातीवर अडतं आणि आडवं बाहेर येताना माती घेऊन येतं. पायथ्याला कपार पडते आणि वरचा जांभा अधांतरी राहतो. तुमची गुहाही याच कारणाने झाली आहे. म्हणून भिंत आणि गुहेचं छत, दोन्हीकडे एकाच नजरेने बघा.

कडेला समांतर जाणारी भेग दिसली तर तिच्यावर दोन-तीन जागी प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा तळहाताएवढा ठिपका लावून तारीख लिहा. ठिपका तडकला म्हणजे दगड हलतोय. मिरगाच्या आधी एकदा आणि पाऊस ओसरल्यावर एकदा अख्खी कड फिरून बघायची. पायथ्याला चिकणमाती उघडी असेल तिथे वरचा कठडा खाणीच्या खोलीइतका मागे, म्हणजे ७ मीटर. बाकी ठिकाणी निदान ३ मीटर. कठड्यासाठी कडेजवळ ड्रिलने भोकं पाडू नका, त्यातूनच पुढची भेग जाते. पडीक चिऱ्यांचा मीटरभर उंच गडगा (सुका रचलेला दगडी बांध) घाला. कपारीतही सुके चिरे रचून भरा. सिमेंटचा गिलावा नको: मागचं पाणी कोंडतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा दगडाची साल घेऊन सुटतो.

मोजपट्टी

कागदपत्रांचं लिहितो. सातबारा कोणाचा आणि उत्खननाचा परवाना खरंच संपला आहे का, हे तहसील आणि जिल्हा खनिकर्म कार्यालयातून लेखी घ्या. ‘बंद’ म्हणजे फक्त मशीन उभं आहे, असंही असतं. खाण कायदा १९५२ च्या कलम ३ मध्ये जांभ्याला सूट होती (२०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली, आजचा नियम तिथेच विचारा), पण अटी होत्या: खोली कुठेही ६ मीटरच्या वर नको, ५० पेक्षा जास्त कामगार नकोत, सुरुंग नकोत. तुमची खाण ६ ते ७ मीटर आहे. परवाना जिवंत असेल तर आधी तो प्रश्न सोडवा, मग पर्यटनाचं बघा.

बोटिंग सोडून द्या. हिशोब करा: १२०० चौरस मीटर क्षेत्र आणि ३ मीटर पाऊस, म्हणजे नुसतं वरून पडणारं पाणी ३६ लाख लिटर. सड्यावरून वाहून येणारं वेगळं. काही जांभ्यातून निघून जातं, पण तळाला चिकणमाती लागली असेल तर दिवाळीनंतरही पुरुषभर पाणी राहतं. भिंती उभ्या कापलेल्या, काठ असा नाहीच. पडलेल्या माणसाला हात टेकायला जागा नसते, बुडण्याचं कारण बहुतेक वेळा हेच. पातळी मीटर-मीटरने उतरते, त्यामुळे तरंगता धक्काही महिनाभरात लटकतो. ट्रक उतरायचा उतार हीच वर यायची एकमेव वाट, ती कायम मोकळी ठेवा. तिथे एक ट्यूब आणि ३० मीटर दोर टांगलेला हवा, कुलपाच्या पेटीत नको.

पाकोळी

गुहेबद्दल. रंगीत दिवे लावले की वर्षाच्या आत दिव्याभोवती हिरवं शेवाळ धरतं. पांढऱ्या-निळ्या प्रकाशात ते जोरात वाढतं आणि घासलं तर खालचा दगडच निघतो. फ्रान्समधली लास्को गुहा १९४८ मध्ये लोकांना खुली केली आणि १९६३ मध्ये बंद करावी लागली. श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि दिव्यांवरचं शेवाळ, तिन्ही एकदम नडलं. तुमच्याकडे कायमचं वायरिंगच करू नका. वाटाड्याच्या हातात एक लालसर-पिवळा टॉर्च, बाकीच्यांनी मोबाइल खिशात ठेवायचे.

हवेचा हिशोब सोपा आहे. गुहा २० × ३ × २, म्हणजे १२० घनमीटर. चालणारा माणूस तासाला साधारण २५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. आठ जण पाव तास आत, म्हणजे ५० लिटर: हवा अजिबात खेळत नसेल तर सुमारे ४०० पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत ४०० भागांची) भर. एका गटाला काहीच कळणार नाही, पण पाठोपाठ सहा गट सोडले की अडीच हजार. बाहेरच्या हवेत ४२० च्या आसपास असतो. कार्बन डायऑक्साइड मोजणारा एनडीआयआर (अवरक्त प्रकाशाने मोजणाऱ्या) प्रकारचा मीटर घ्या आणि गुडघ्याच्या उंचीवर धरा, कारण खोलगट जागी हा वायू तळाशी साचतो. आकडा पहिल्या गटाच्या आधीच्या पातळीला परतल्याशिवाय दुसरा गट नाही. पावसाळ्यात कुजणारा पाला आणि विष्ठा स्वतःच भर घालतात, तेव्हा गुहा बंदच ठेवा.

पाकोळ्यांची जात जाणकाराकडून ओळखून घेतल्याशिवाय वेळापत्रक ठरवू नका, पिल्लांचे महिने जातीप्रमाणे बदलतात. पिल्लं अंगाला असताना थवा बिथरला तर ती खाली पडतात आणि मरतात. तोंडाला दार बसवायचंच तर गज आडवे हवेत, मधली फट १५ सेंटिमीटरच्या आसपास. उभ्या गजांचं किंवा बारीक जाळीचं दार म्हणजे पाकोळ्यांना हाकलून देणं. विष्ठेच्या थरावर चालायचं नाही. साफसफाईला जाणाऱ्याला एन-९५ मास्क.

सडेकर

बोटिंग आणि दिवे रद्द धरतो. गाड्यांच्या तळाचं काय? सडा सपाट आहे, रिकामाच पडलाय.

कातळवाट

सडा रिकामा दिसतो तो मे महिन्यात. जूनमध्ये तिथेच दीपकाडी फुलते, मग कातळावरच्या वीतभर मातीत गेंद, तसंच दवबिंदू आणि सीतेची आसवं ही कीटकभक्षी रानरोपं येतात. ती माती एकदा चाकाखाली गेली की परत साठायला पिढ्या जातात. शिवाय राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, त्यातल्या काही जागा २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेल्या. गाड्या फिरवण्याआधी सडा झाडून, सकाळच्या तिरप्या उन्हात नीट बघा. कोरीव रेघ दिसली तर काम थांबवून पुरातत्त्व खात्याला कळवा.

आणि गुहेच्या डोक्यावर गाड्या? छताची जाडी कोणी मोजली आहे का? गाड्या खाली डांबरी रस्त्यालाच ठेवा आणि लोकांना चालवा.

चालत येणाऱ्याला दाखवायला खाणीत भरपूर आहे. मशीनच्या पात्याने कापलेल्या भिंतीवर समांतर, पट्टीने ओढल्यासारख्या रेघा असतात. हाताने काढलेल्या जुन्या भागात तिरके, अनियमित घाव. दोन्ही शेजारी दाखवा. ताजा जांभा चाकूने ओरखडतो, उन्हावाऱ्याने लोह घट्ट होत जाऊन तो कडक होतो, हेही पडलेल्या तुकड्यावर करून दाखवता येतं. एक चिरा उचलायला द्या. १४ × ९ × ७ इंचाचा असेल तर ३० किलोच्या आसपास भरतो, आणि घराच्या भिंतीत असे किती लागले असतील हे लोक आपणहून मोजायला लागतात. हे सांगायला चिरेखाणीत काम केलेला गावातला माणूस घ्या, भूशास्त्राची पदवी लागत नाही.

मोजपट्टी

एका वाटाड्यामागे १२ माणसं, खाणीत चाळीस मिनिटं. गुहेत त्यातले आठच, उरलेले बाहेर गडग्यापाशी. हंगाम नोव्हेंबर ते मे धरा, त्यातून पाकोळ्यांचे महिने वजा. तिकिटातला ठरावीक हिस्सा ग्रामसभेच्या ठरावाने कड तपासणी आणि गडग्याच्या डागडुजीसाठी वेगळ्या खात्यात टाका, नाहीतर तो पहिल्याच वर्षी कमानीवर खर्च होतो.

पाकोळी

ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीलाही आत्ताच सोबत घ्या. आंबोलीच्या हिरण्यकेशीला, नदी गुहेतून निघते तिथे, एका छोट्या माशासाठी २०२१ मध्ये जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तुमच्या गुहेत काय आहे याची यादी निदान एका वर्षाची तरी हवी: दर महिन्याला एकदा, संध्याकाळी बाहेर बसून, निघणाऱ्या पाकोळ्या मोजायच्या. आत शिरायची गरज नाही. मोजणी आजपासून सुरू केलीत तर तिकीटखिडकी उघडण्याआधीचे आकडे हातात असतील.